लेकींचा रकाना

उत्तर वाचण्याआधी उत्तराची वाट वाचावी, असं मी आमच्याकडे नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. संक्रांतीनंतरच्या त्या सोमवारी मात्र मीच ते विसरले.

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. कोल्हापूरच्या विभागीय आरोग्य डेटाबेसच्या तिसऱ्या मजल्यावर मी नुकतीच खुर्ची ओढून बसले होते, तेवढ्यात पडद्यावर डॉक्टर शहनाझ मुजावर उगवल्या. डोक्यावर शस्त्रक्रियेची टोपी, आणि आवाज बाजारात हरवलेल्या लेकराला हाक मारावी तसा.

"कावेरी, तुझा सोयरा जागा आहे का?"

"जागाच असतो, मॅडम. झोपणं त्याला शिकवलेलंच नाही."

"मग ऐक. कस्तुरा माळगे, वय एकोणतीस, माहेरची चौगुले. पहिलं बाळंतपण. वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतली आहे, रक्त जाणार म्हणजे जाणारच. शस्त्रक्रिया पाचला, त्यापुढे थांबता येत नाही. आणि गट बॉम्बे."

माझ्या शेजारच्या टेबलावरचा पार्श्व वसगडे चहाचा कप तोंडाजवळ नेता नेता थांबला.

"किती पिशव्या आहेत?" मी विचारलं.

"एक. निदान तीन हव्यात."

बॉम्बे गट म्हणजे काय, ते माझ्या आईला समजावलं तसंच सांगते. आपल्या रक्तपेशीवर एक देठ असतो. त्या देठावर कुणाचं 'ए'चं फूल, कुणाचं 'बी'चं, कुणाची दोन्ही. ओ गटाच्या माणसाचा देठ बिनफुलाचा. बॉम्बे गटाच्या माणसाला देठच नसतो. साध्या तपासणीत फुलं तेवढी बघतात, म्हणून हा माणूस ओ दिसतो. पण त्याला ओचं रक्त चढवलं, तर त्याचं शरीर त्या परक्या देठावर तुटून पडतं. त्याला त्याच्यासारख्याचंच रक्त लागतं. आपल्याकडे असं दहा हजारांत एखादं माणूस. आमच्या डेटाबेसमध्ये एक कोटी माणसं आहेत, म्हणजे हजारभर तरी अशी असायला हवीत. नोंद होती नऊजणांची. बाकीची कुठल्या तरी शाळेतल्या शिबिरात ओ म्हणून लिहिली गेलेली, आपल्याच रक्ताला अनोळखी, आरामात भाकरी खात बसलेली.

त्या नऊंमध्ये दोन लहान मुलं, चौघांनी गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं, एक दुबईत, एक तापानं आजारी. नववी स्वतः कस्तुरा.

"न लिहिलेले शोधायचे," मी म्हणाले. "सात तासांत."

"म्हणून तर तुला फोन केला. नऊंची यादी मलाही वाचता येते," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

सोयरा, म्हणजे आमचं नाती जुळवणारं नवं यंत्र, चालू होऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. जुना डेटाबेस कसा चालतो? माहिती टेबलांत मांडलेली असते: आडव्या ओळी, उभे रकाने. एका टेबलातल्या ओळीचा दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी संबंध जुळवायचा, तर दोन्हीकडे एकच किल्ली लागते, म्हणजे तोच क्रमांक. किल्ली नाही, तर ती दोन माणसं एकमेकांना परकी. सख्ख्या मायलेकी असल्या तरी. लग्न होऊन लेकीचं आडनाव बदललं, गाव बदललं, कधी नावही बदललं, की जुन्या कागदांतली तिची ओळ तुटलेल्या पतंगासारखी कुठं तरी अडकून राहायची.

सोयरा किल्लीवाचून जुळवायचा. नाव, गाव, वय, शेजारी, लग्नाचं साल, असल्या बारीकसारीक खुणांवरून तो लाखो ओळी एकमेकींसमोर बसवून बघे आणि प्रत्येक जोडीला वजन देई: या दोन ओळी एकाच माणसाच्या असण्याची शक्यता इतकी. मग त्या जोडण्यांच्या जाळ्यातून रक्ताचा गुण कसा वाहत आला असेल, तेही मोजे. कुणाच्या जनुकांची नोंद कायद्यानं आमच्याकडे नव्हती. नात्यांवरून अंदाज, एवढंच.

आणि या नात्यांसाठी त्याला जी जुनी कागदपत्रं वाचायला दिली होती, त्यांत माझ्या वडिलांच्या एकतीस चोपड्या होत्या.

आम्ही हेळवी. सुगी झाली की आबा बैल घेऊन फेरीला निघतात. आमच्या फेरीतल्या घरांच्या दारात उभं राहून त्यांची वंशावळ सांगायची: बारा पिढ्या मागं कोण होता, कुठून आला, कुठली विहीर खणली. घरात नवा मुलगा जन्मला असेल तर तो लिहून घ्यायचा आणि धान्य घेऊन पुढं जायचं. कस्तुराचं माहेर, चौगुल्यांचं घर, आमच्या फेरीतलंच.

मी क्वेरी, म्हणजे यंत्राला विचारायचा प्रश्न, लिहिली. पाच वर्षं ज्या यंत्राच्या मागं लागले, ते आज पहिल्यांदा कुणाच्या तरी जिवाला उपयोगी पडणार होतं! सोयऱ्यानं बेचाळीस सेकंदांत अकरा नावं दिली. सगळ्यात वर कागलचा दिग्विजय चौगुले, शक्यता शंभरात ब्याण्णव.

"ब्याण्णव!" पार्श्वनं टाळी दिली. "ताई, आज बासुंदी तुझ्याकडून."

दिग्विजय शीळ वाजवतच आला. दंड पुढं करत म्हणाला, "घ्या की हवं तेवढं. घरात बायको रोज पितीच आहे."

पावणेएकला मॅडमचा निरोप आला: साधा ओ. त्याच्यानंतरचे दोघेही साधे ओ.

अडीच तास मी कस्तुराच्या आयुष्यातून काढून उधळले होते. आणि तेव्हा आठवलं, वाट वाचायची राहिली. कुठल्याही क्वेरीला विचारता येतं, बाई गं, तू या उत्तराशी कुठून कुठून आलीस? ती आपला सगळा रस्ता उलगडून दाखवते. मी तो उलगडला.

रस्ता बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे सरळ गेला होता, कालव्यासारखा. कुठंही वळण नाही. असं कसं? देठ हरवलेलं माणूस जन्मायला आई आणि बाप दोघांकडून तोच दोष यावा लागतो. आमच्या भागात मामाची मुलगी करायची रीत. लेक एका घरी जायची आणि तिची लेक सून होऊन परत माहेरच्या उंबऱ्यात यायची. दोष त्या लेकींच्या पावलांनी जात-येत असणार. मग वाटेत एकही लेक कशी नाही?

मी चोपड्यांचं टेबल उघडलं. चार हजार एकशे बारा ओळी. 'मुली' या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा.

शून्य. शून्य. शून्य.

"पार्श्व," मी म्हणाले, "हे मी केलंय."

पाच वर्षांपूर्वी चोपड्या चढवताना तो रकाना रिकामा राहू देत नव्हता. काही तरी आकडा मागत होता. हेळव्याच्या चोपडीत मुली लिहीतच नाहीत, हे मला जन्मापासून ठाऊक. मी सगळीकडे शून्य भरलं आणि चहा प्यायला गेले. माहीत नाही आणि नाही, यांतला फरक हा आमच्या धंद्याचा ओनामा. रिकामी जागा म्हणते, कुणास ठाऊक. शून्य म्हणतं, कुणी नव्हतंच. चौगुल्यांच्या घरात बारा पिढ्यांत एकही लेक जन्मली नाही, असं मी यंत्राला सांगून ठेवलं होतं, आणि त्यानं बिचाऱ्यानं ब्याण्णव टक्के विश्वासानं ते मानलं होतं. मी! हेळव्याची लेक!

"रडणं नंतर," पार्श्व म्हणाला. "आधी शून्यं पूस."

मी शून्यं पुसली, रकाना रिकामा केला आणि क्वेरी पुन्हा सोडली. आता सोयऱ्यानं चाळीस हजार नावं दिली, सगळ्यांची शक्यता नखाएवढी. खरं बोलायला लागल्यावर यंत्र गोंधळलं होतं. पण हा गोंधळ प्रामाणिक होता. त्याला फक्त लेकी हव्या होत्या.

आणि लेकी कुठं आहेत, ते मला एकदम कळलं. इतकं एकदम, की मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले.

आबा पुढच्या सोप्यावर वंशावळ सांगत, तेव्हा आई कुठं असायची? मागच्या दारी. घरातल्या बाया तिला सुपातून जोंधळे घालायच्या आणि विचारायच्या, बाळव्वा, आमची अमकी दिसली का गं त्या गावाला? तिला सांग, म्हस व्याली. आई त्या लेकींना ओवीत बांधून ठेवायची, म्हणजे पुढच्या गावी निरोप चुकायचा नाही. तिच्या सासूनं तिला दिलेल्या ओव्या, त्या सासूला तिच्या सासूनं दिलेल्या. लहानपणी आम्ही त्यांना झोपायची गाणी समजत होतो.

मी फोन लावला. पडद्यावर नेसरीजवळचं माळरान, मागं आमचा बैल शंकऱ्या, आणि पुढं आबांचं मुंडासं.

"आबा, आईला बोलवा. लगेच!"

"का गं कावे? दुपारच्याला फोन? नोकरी गेली का काय?"

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. कस्तुराचं नाव ऐकून ते सावरून बसले. माझ्या शून्यांचंही सांगितलं. पण ओव्यांचं नाव काढताच मान आडवी हलली.

"आपल्यात लेकी लिवत न्हाईत."

"तुमी लिवू नगा की!" मागून आईचा आवाज आला. हात पदराला पुसत ती पडद्यात शिरली. "मी गाते, ती लिवंल. तुमचं काय जातंय?"

"बाळव्वा, तसं न्हवं." आबांचा आवाज खाली गेला. "हेळव्याची जीभ एका घरचं दुसऱ्या घरी नेत न्हाई. म्हणून तर लोक आपल्याला उंबऱ्याच्या आत घेत्यात. ह्या यंतराला सांगितलं की ते चार जिल्ह्यांत बोंबलंल. कुणाची लेक कुठं दिली, कुणाची परत आली, कुणाचं काय झालं. हे बायांनी इस्वासानं सांगितल्यालं हाय."

ते खरं होतं, आणि सोयऱ्याची हीच भीती मलाही होती. नाती शोधणारं यंत्र लपवलेली नातीही शोधतं.

"आबा, इकडं बघा." मी माझा पडदा त्यांच्याकडे फिरवला. "मी याला एक खिडकी बसवतेय. आत तो काय वाट्टेल ते जुळवू दे. खिडकीतून बाहेर फक्त दार दिसेल, कुणाच्या घरी जायचं तेवढं. त्या दारापर्यंतची वाट दिसणार नाही. दवाखान्याला नाही, देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला नाही. आज ती मी वाचीन, चूक नको म्हणून. नंतर मलाही बंद."

"तू वाचणार?"

"मी हेळव्याचीच आहे की, आबा."

आईनं तेवढ्यात सूर लावलासुद्धा.

चौगुल्यांची तानू गेली, नूल गावच्या वाटंला
मामाघरी सून झाली, तुळस लावी ओट्याला

मी टाइप करत होते. तानू: माहेर चौगुले, सासर नूल, नवरा मामाचा मुलगा. एक ओवी, तीन रकाने. पार्श्व तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

तानूबाईच्या पोटाला, लेकी दोन जुळ्या वेली
एक दिली हलकर्णी, एक माहेरी फिरली

"फिरली म्हंजे?" पार्श्वनं हळूच विचारलं.

"माहेरी सून होऊन परत आली. चौगुल्यांच्यात." माझी बोटं धावत होती. "तिच्याच वंशातली कस्तुरा! आई, हलकर्णीवालीचं पुढं?"

आईनं डोळे मिटले. कुठल्या तरी मागच्या दारात ती जाऊन बसली असावी. शंकऱ्याच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली.

"एक हाय. सासूबाई म्हणायच्या त्यात मीच भर घातल्याली."

हलकर्णीची ग चंपू, नूल गावी सून आली
आजीच्या ग चुलीवर, नातीनं भाकर केली

तानूची नात चंपू, आपल्या आजीच्याच घरात सून होऊन आलेली. दोन्हीकडून तीच वेल. ज्या जोडणीसाठी सोयरा चाळीस हजार दारं ठोठावत होता, ती आईनं चुलीवरच्या एका भाकरीत सांगून टाकली होती.

क्वेरी सोडली. नऊ सेकंद.

तीन नावं. चंपूची तीन मुलं. प्रत्येकाची शक्यता शंभरात बहात्तर. तिघांच्याही नोंदीत गट: ओ, शालेय शिबिर. आईबापाच्या गटांवरून तिघंही साधे ओ निघणं कठीण, म्हणून आकडा एवढा मोठा.

या वेळी मी वाट वाचली. पायरी पायरीनं, बोट ठेवून. ती वळत होती, परत येत होती, दोनदा एकाच उंबऱ्यावर थांबत होती. लेकीच्या वाटेसारखी वाट.

"आबा," मी म्हणाले, "हे सगळं अजून कच्चं आहे. मी पक्कं केलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर एका बोटानं मागं फिरवते. आई गायलीच नाही, असं यंत्र विसरून जाईल. नावंही जातील. हो म्हणालात तरच कमिट."

एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. माझं बोट कळीवर.

आबांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "त्या पोरीच्या आज्याच्या दारात मी गूळपाणी प्यालोय," ते म्हणाले. "माझ्या चोपडीत ती कुठं हाय?"

"नाही, आबा."

"आनि हिच्या गाण्यात हाय."

"आहे."

"मग बघत काय बसलीस? कर की पक्कं!"

मी कळ दाबली. ओठ दाताखाली धरूनच.

चंपूची थोरली लेक धनश्री आजऱ्याला विजेच्या ट्रॅक्टरांचं दुरुस्ती केंद्र चालवायची. फोन उचलला तेव्हा मागं कसलं तरी यंत्र घुमत होतं.

"माझं रक्त? ओ हाय की ते. ढिगानं मिळतंय."

"ते ओ नसावं, असं आम्हाला वाटतंय. फार दुर्मीळ असावं."

"अगं बाई! आमच्या घरात दुर्मीळ म्हंजे एकच गोष्ट, माझ्या भावाचं, परवीणचं वेळेवर उठणं." मग आवाज बदलला. "कोणासाठी हवंय?"

"एका बाळंतिणीसाठी. त्याहून जास्त मला सांगता यायचं नाही, ताई. आणि तुम्ही आलात, तर तुमचंही तिला कुणी सांगणार नाही."

घुमणारं यंत्र बंद झालं.

"बाळंतीण म्हणालीस न्हवं? मग पुढचं कशाला इच्यारू. परव्या! ए परव्या, ऊठ! गाडी काढ. धाकट्याला वाटेत गडहिंग्लजला घेऊ."

पावणेचारला ते तिघं दवाखान्यात शिरले. धनश्रीच्या हाताला अजून ग्रीस होतं. मी आणि पार्श्व धावतच तिकडं पोचलो होतो, पडद्यावर बघत बसणं शक्यच नव्हतं.

तपासणी साधी असते. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात देठ ओळखणारं द्रावण. देठ असेल तर पेशी एकमेकींना चिकटतात, थेंब दह्यासारखा फुटतो. देठ नसेल तर काहीच होत नाही. धाकट्याचा थेंब बघता बघता फुटला. प्रवीणचा नाही. मॅडमनी पट्टी हलवली, उजेडात धरली, पुन्हा हलवली. मग धनश्रीचा. आम्ही सहाजण एका थेंबावर वाकलो होतो आणि काहीतरी न होण्याची वाट बघत होतो. दहा सेकंद. तीस. मिनिट. थेंब तसाच राहिला, डाळिंबाच्या दाण्यासारखा अखंड.

"दोघंही," मॅडम म्हणाल्या. आवाज फुटला तो त्यांचा. "दोघंही बॉम्बे!"

पार्श्वनं मला उचलूनच घेतलं. प्रवीण डोळे चोळत म्हणाला, "अक्के, ह्याचं काय बक्षीस-बिक्षीस असतंय का?"

"असतंय. एक बिस्कीट आणि चहा," धनश्री म्हणाली. "झोप आता तिथं गप."

बाकीच्या तपासण्या, जुळवणी, सगळं धावपळीत झालं. पाचला शस्त्रक्रिया सुरू झाली, तेव्हा दारामागं तीन पिशव्या टांगलेल्या होत्या. तिन्ही लागल्या. साडेसहाला मॅडम बाहेर आल्या, टोपी काढली आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या.

"मायलेक दोघंही बरी आहेत. तिसरी पिशवी नसती, तर मी तुझ्याशी आत्ता बोलत नसते, कावेरी."

मी पायऱ्यांवर जाऊन आईला फोन लावला. मला बोलताच येईना. ती म्हणाली, "कळलं, कळलं. जेव जा आधी."

तीन आठवड्यांनी आबांनी मला चौगुल्यांच्या घरी बोलावलं. कस्तुरा माहेरी आली होती, अंगणातल्या उन्हात बाळाला घेऊन बसली होती. आई नेहमीप्रमाणे मागच्या दाराकडे वळली, तर आबा म्हणाले, "तिकडं कुठं? हिकडं ये. सोप्यावर बस." आई क्षणभर उभीच राहिली. मग चप्पल काढून पुढच्या दारानं आत आली आणि आबांच्या शेजारी घोंगड्यावर बसली, नव्या नवरीसारखी अवघडून.

आबांनी चोपडी उघडली. कस्तुराचे वडील हसून म्हणाले, "आबा, नातू झालाय खरा, पर त्यो माळग्यांच्या चोपडीत जाणार. तुमी हितं काय लिवताय?"

"लिवायचं ऱ्हायल्यालं."

त्यांनी माझ्याकडून पट्टी मागून घेतली. पानाच्या उजव्या कडेनं, हात न कापता, वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. मग कस्तुराच्या वडिलांना त्यांच्याच घरच्या लेकी विचारत, एकेक नाव नव्या रकान्यात मांडत गेले. कस्तुरा. तिच्या वर तिची आत्या. त्याच्याही वर, आईनं हळूच कानात सांगितलं तेव्हा, तानू, नूलला दिलेली. ज्या लेकी दुसऱ्या घरच्या गोष्टींत शिरत होत्या, तिथं त्यांची लेखणी आपोआप थांबायची.

वर आणखी आठ पिढ्या होत्या. तिथलं कुणालाच काही आठवेना, आईच्या ओवीलाही नाही. आबांनी लेखणी हवेत धरली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हितं काय घालू गं?"

"काही नको, आबा," मी म्हणाले. "रिकामं ठेवा."